नवाची गोळी

१

माजं डोळं गेलं तवा सून म्हणली, "अम्मा, आता तरी चेष्टा बंद हुतील तुमच्या."

म्या म्हणलं, "अगं, डोळं गेल्यात. जीभ हाय न्हवं अजून जाग्यावर?"

ती हसली न्हाई. नूरीन माज्या बोलण्यावर कवाच हसत न्हाई. तिचंबी खरंच हाय म्हणा. सांगते.

आमी नदाफ. गाद्या भरणारं. आटपाडीत पेठंच्या कडंला फुडं दुकान, मागं घर, घरामागं परस, आन परसाच्या टोकाला कापसाची खोली. आमचं मालक, कुतुबुद्दीन, हुतं तवर पिंजणावर कापूस पिंजायचं. आता पोरानं, मोहसीननं, मशीन घातलीय. माज्याकडं टाके घालायचं काम हुतं. मी डावरी. माजा टाका उलटा बसतो, गाठ आतल्या अंगाला जाती. शंभर गाद्यांत माजी गादी म्या बोट फिरवून सांगीन.

तर नूरीन लगीन करून घरात आली तवाची गोष्ट. उरल्या कापसाची म्या एक बाई शिवली. हात, पाय, डोकं, समदं. माजी जुनी साडी नेसवली, हातात हिरव्या बांगड्या भरल्या, आन नव्या नवरीच्या अंथरुणात गोधडीखाली निजवली. नाव ठिवलं कापूसबी. नूरीननं अंधारात हात टाकला आन जी वरडली, समदी गल्ली गोळा झाली. लोकं हसून हसून भुईला पडली. नूरीन आठ दिस तापानं फणफणली. मग मोहसीननं कापूसबीचं पोट उसवलं. एवढा चांगला कापूस टाकायचा कुठं? म्या माज्याच गादीत भरला. त्यावरच झोपते अजून.

झोपते म्हंजी झोपायची. काचबिंदूनं डोळं गेलं आन त्यामागनं झोप फिराय लागली. आज रातीला येळंवर आली तर चार-आठ दिसांनी मध्यान रातीला यायची, मग पहाटंला, मग उन्हं वर आल्यावर, मग भर दुपारी. हिंडत हिंडत पुन्ना रातीवर यायची, की परत निघाली. समदं घर जेवाय बसलं की मी घोरणार, आन घर निजलं की मी भांडी हलवणार. एकदा म्या सगळ्यास्नी च्या करून उठवलं. मला वाटलं सकाळ झाली. सकाळ झाली न्हवती, आन माज्या हातनं गॅस तसाच ऱ्हायला.

त्या दिसापासनं माजी खाट कापसाच्या खोलीत गेली. आन दाराला भाईरनं कडी बसली.

२

सांगलीला झोपंच्या डॉक्टर हायेत, विनोदिनीबाई. त्यांच्याकडं मला न्हेली. बाईंचा आवाज गोड.

"आजी, प्रत्येकाच्या आत एक घड्याळ असतं. ते रोज थोडं मागं पडतं. सकाळी डोळ्यांत उजेड शिरला की परत जुळतं. तुमच्या डोळ्यांत उजेडच जात नाही, म्हणून ते जुळत नाही. मागं मागंच पडत जातं."

"म्हंजी कुणी चावीच दिईना म्हणा की."

"चावी आहे ना. ही बारीक गोळी. रोज रात्री नऊला. ही गुंगीची गोळी नाही. ही फक्त शरीराला सांगते, की रात्र झाली. जेवण ठरल्या वेळी, उठणं ठरल्या वेळी. महिना-दोन महिने लागतील. पण वेळ चुकवायची नाही. भलत्या वेळी घेतलीत, तर शरीर भलत्याच वेळेला रात्र समजेल."

"बाई, तुमी सोता कवा झोपता?"

"ते नका विचारू," म्हणल्या, आन हसल्या. मला बाई आवडल्या.

भाईर बाकड्यावर मला बसवून मोहसीन आन नूरीन जरा लांब जाऊन बोलत हुती. आंधळ्या माणसाला लोकं बहिरंबी समजत्यात.

"एक महिना बघू," मोहसीन म्हणला. "न्हाईच जमलं तर मिरजंला ते म्हाताऱ्या माणसांचं घर हाय, तिथं ठिवू. मी दुकान बघू का आईची रातपाळी करू?"

 नूरीनच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. व्हय म्हणायला मान हलवली का न्हाई म्हणायला, ते मला कसं दिसावं?

एस्टीत म्या खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं. मला त्या घरातच मरायचं हुतं. कडीच्या आत असंना, पण त्याच घरात.

३

माजी नात मिस्बाह विट्याला कालेजात हाय. तिनं बोलतं घड्याळ आणलं. तासाला बोलायचं, बटण दाबलं तरी बोलायचं. "नौ बज गये हैं." आवाज बाईचा, पण जीव नसल्याला.

पयल्या राती नूरीन नवाला आली. बांगड्या वाजल्या, हातावर गोळी पडली, पेला आला.

"गिळा."

"ईख-बीख न्हाई न्हवं?"

"असतं तर वीस वर्सं थांबले असते व्हय?"

बघा. येत हुतं तिलाबी बोलायला.

तीन-चार रातीत झोप वळणावर आली. सकाळी चिमण्या वरडताना जाग यायची. मोहसीननं दिवसाची कडी काढली. मिस्बाहनं मला परसात बसवून केसाला त्याल लावलं. मला लय बरं वाटलं, आन मला बरं वाटलं की काय सुचतं ते तुमास्नी ठावं हाय. त्या राती नूरीननं म्हणलं, "तोंड उघडा, मीच टाकते," तर म्या तिचं बोट धरलं दातात. चावले न्हाई जोरात. खेळच.

नूरीननं झटक्यानं हात ओढला. पेला फुटला.

"बास झालं! तुमचं तुमी घ्या. हितं डबीत ठिवते. मी न्हाई येणार परत."

"नगं येऊस. माजी मी घेते," म्या म्हणलं.

दुसऱ्या दिवशी राती ती खरंच आली न्हाई. म्याबी हट्टानं डबीला हात लावला न्हाई. जागी पडून ऱ्हायले. तिचा राग करत, माजा करत. मधी कवातरी डोळा लागला असंल, कवा उघडला ठावं न्हाई; वाटलं, आख्खा दिवस झोपंतच गेला. मग घड्याळ बोललं, "नौ बज गये हैं."

बांगड्या वाजल्या.

आली, म्हणलं. राग धरून का हुईना, आली.

हातावर गोळी पडली. म्या निमूट गिळली. जरा खरखरीत लागली. दुसऱ्या कंपनीची असंल. ती काय बोलली न्हाई. जाताना मातूर माज्या कपाळावरनं हात फिरवला. मऊ हात. एवढ्या वर्सांत पयल्यांदाच.

माज्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याला तरी ते अजून उपेगाला येत्यात.

४

त्याच्या फुडं समदं कसं येळंवर. नवाला घड्याळ, बांगड्या, गोळी, कपाळावर हात. मग गाढ झोप. सहाला जाग. डॉक्टरबाईंनी सांगिटलं तसंच.

पण दारं परत लागली. कडी परत बसली. मी चावले म्हणून शिक्षा केली असंल. मी उठले की दुकानातली मशीन जराशी चालायची, मग बंद. मला वाटलं, लाईट जाती. नूरीन ताट आत सरकवायची, कडी लावायची, एक शबूद न्हाई. खाटंजवळ आणखी एक ताट झाकल्यालं आसायचं, त्यातली भाकरी वाळून टणक. म्हणलं, शिळं वाढाय लागली. मग समदं घर गप. दिवसभर गप. माणसं हायेत का न्हाईत? मिस्बाहसुदीक येईना. रातकिडं तेवढं वरडायचं. म्हणलं, कापसाच्या खोलीत अंधारच तेवढा, रातकिड्याला काय कळतंय.

मशिदीचा भोंगा हळू केल्यापासनं बांगबी हितवर येत न्हाई.

आन एक. माज्या उशाची भिंत दगडाची. नवाला गोळी घिऊन आडवं झालं की ती हाताला कोमट लागायची. मग झोप लागंस्तवर आणखी तापत जायची. आन दिवसा, मी जागी आसताना, गार. मे म्हयन्यात भिंत रातीची ताप धरून ठिवती, हे मला ठावं हाय. पण रातीला वाढत जाती? म्या मनात म्हणलं, रहिमतबी, तू शाळंत चौथी बी केली न्हाईस. भिंतीचं तुला काय कळतंय?

एकटेपणाला एकच आधार हुता. दाराभाईर कुणीतरी गाद्या शिवत बसायचं. दाभणातनं दोरा वढल्याचा आवाज. सर्र. टच. सर्र. टच. लगीनसराई हाय, नूरीनला काम पडलं असंल. मी आतनं बोलत बसायची.

"टाका दाट घे गं. गिऱ्हाईक खालनं बघतंय."

आवाज थांबायचा. जरा येळानं परत, पयल्यापरीस दाट. सर्र-टच, सर्र-टच.

"आता कसं! शिकलीस गं बाई."

म्या तिला समदं सांगिटलं. मिरजंचं ऐकलं तेबी सांगिटलं. "मला घालवू नगा गं," म्हणलं. "मी आता येळ पाळते."

दोरा मधीच थांबला. लय येळ थांबला. आन एका दिवशी ध्येनात आलं, आवाज दाराच्या भाईरनं येत न्हाई. पायथ्याकडनं येतोय.

म्हणलं, आंधळ्याला दिशा कळत न्हाई. कान फसवत्यात.

५

मोहसीननं गदागदा हलवून उठवलं. जीभ जड. डोकं जड.

"अम्मा! उठा. चार वाजल्यात."

"पहाटंचं?"

"दुपारचं! किती दिस बघतोय, दिवसभर मेल्यावानी पडताय. आन रातभर बडबड. शेजारचा बाळासो इचारत हुता, घरात पाव्हणं आल्यात का म्हणून."

"मी रातीचीच झोपते. नवाला गोळी घिऊन."

मिस्बाह आली हुती. तिनं घड्याळ उचललं. "दादी, हे नऊ वाजले एवढंच सांगतंय. सकाळचं का रातीचं, ते न्हाई सांगत."

माजा हात आपोआप भिंतीवर गेला. ती उगवतीची भिंत. सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं. मालकांनी मुद्दाम तिकडं कापूस रचला न्हवता, तापतो म्हणून. मला ठावं हुतं. मला कायमच ठावं हुतं.

"म्हंजी नूरीननं मला रोज सकाळी गोळी चारली," म्या म्हणलं. मला राग आला, आन खरं सांगू, रागात जरा कौतुकबी हुतं. "दिवसाचं निजवून ठिवलं! माज्या वरताण निघालीस की गं."

"मी?" नूरीनचा आवाज दारातनं आला. "त्या राती बोट चावलं तवापासनं मी गोळी द्यायला आलेच न्हाई. तुमीच म्हणला न्हवं, माजी मी घेते? आन सकाळी नवाला मी हितं नसतेच, दुकान उघडते."

"खोटं बोलती."

डबीचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. मिस्बाह हळू म्हणली, "दादी, पाकीट भरल्यालंच हाय की. पयल्या दोन-चार राती घेतलेल्या तेवढ्याच गेल्यात."

 मग मोहसीन म्हणला, "झाला म्हयना. मी मिरजंला फोन करतो."

म्या त्याचा सदरा धरला. कवा कुणाचा धरला न्हवता. "आठ दिस," म्हणलं. "तुज्या बापाची आण. आठ दिस नीट दिवसाची जागी ऱ्हाते. चेष्टा न्हाई, काय न्हाई."

त्यानं सदरा सोडवून घेतला. नूरीन बोलली.

"आठ दिस ऱ्हाऊ द्या. मी देते गोळी."

६

त्या राती नूरीन आली. ती येताना लसणाचा वास आला, फोडणी देऊन आल्याली. हात घामट, ऊन, कामानं घट्टे पडल्याला. गोळी गुळगुळीत. म्या तिचा हात जरा जादा येळ धरला.

"काय?" ती म्हणली.

"काय न्हाई. तुजा हात कसा हाय ते बघितलं."

चार राती गेल्या. दोनदा मी रातभर टक्क जागी, पण दिवसा डोळ्याला डोळा लावला न्हाई. मिस्बाह चिमटं काढायची. मशीन धडधडायची, गिऱ्हाईक भांडायची, परसात कोंबड्या. दिवस एवढा आवाजाचा आसतो, मी इसरूनच गेले हुते. सकाळी नवाला घड्याळ बोलायचं तवा कुणी ना कुणी जवळ आसायचं. बांगड्या वाजल्या न्हाईत.

पाचव्या दिवशी म्हसवडला, माज्या माहेरगावी, लग्नाच्या गाद्या पोचवायच्या हुत्या. मोहसीन आन नूरीन टेम्पोत बसली. मिस्बाह कालेजात.

"अम्मा, झोपायचं न्हाई हां," नूरीन म्हणली. "दार उघडंच ठिवते. मी फोन करते मधनं मधनं."

टेम्पो गेला. पार वळणावर हॉर्न वाजला, तवर ऐकला.

"नौ बज गये हैं."

बांगड्या वाजल्या. दाराकडनं न्हाई. पायथ्याकडनं.

हातावर गोळी पडली. म्या ती तोंडात टाकली आन दाढंखाली चावली. कच्चकन फुटली. त्यालकट, कडवट. जलमभर जी कापसातनं निवडून टाकली तिची चव मला कळणार न्हाई व्हय? सरकी हुती ती. कापसाचं बी.

म्या झटक्यानं हात पकडला. आन हसायलाच आलं मला. व्हय, हसले. कारण हात कापसाचा हुता. म्हणलं, नूरीन, वीस वर्सं धीर धरलास गं! काठीला कापसाचा हात बांधून आणलास! माजी चेष्टा माज्यावरच! म्या मनगट दाबलं. ते दबलं. आणखी दाबलं, आणखी दबलं, पार माजी बोटं बोटांना भिडंस्तवर. हाड न्हाई, काठी न्हाई. मनगटाच्या आतल्या अंगाला टाका हुता. म्या अंगठा फिरवला. उलटा टाका. गाठ आत.

"बास कर, नूरीन. वळखलं तुला."

उशाखाली फोन वाजला. म्या दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

"अम्मा, जाग्या हाय न्हवं?" नूरीन. मागं टेम्पोचा घरघराट, मोहसीनचं खोकणं. "झोपू नका हां. आमी आत्ता कुठं नाक्याला आलोय."

माज्या मुठीतला हात हळूच वळला, आन त्यानं माजा हात धरला.

"अम्मा? बोला की. कोण हाय तिथं? कशाला हसताय?"

"जागी हाय गं," म्या म्हणलं. "जागी हाय."

मग दुसरा हात माज्या डोळ्यांवर आला, आन त्यानं माज्या पापण्या मिटवल्या. आंधळ्याचं डोळं मिटायला कुणी कशाला यावं? मऊ हुता. लय मऊ. सर्र, असं कानाजवळ झालं. टच.

७

त्यांनी मला सांजंला हलवून उठवलं. पदराला चावल्याली सरकी. गादीचा पायथ्याकडचा कोपरा उसवल्याला, कापूस भाईर. माज्या नखांत कापूस.

"गादी उसवून सरकी खाताय व्हय, अम्मा?" नूरीन म्हणली. तिला राग आला न्हवता, रडूच आलं हुतं. ते जास्ती वाईट. ती हुती माज्या बाजूनं, मला आठ दिस मिळवून दिल्यालं तिनं.

तसंबी असंल. म्याच झोपंत उसवली असंल. बांगड्या म्हणाल तर माज्याबी हातात हायेत. झोप फिरल्यालं माणूस काय करंल आन काय न्हाई, डॉक्टरबाईंनाच इचारा.

कापूसबीचं मी कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर म्हणले असते, म्हातारी परत चेष्टा करती.

आता मी मिरजंला हाय. खोलीत आमी तिघी. पंखा कुरकुरतो. हितली मावशी, सोनम, रातीला नवाला गोळी देती, जिभंखाली बघून खात्री करती. दार उघडं आसतं. मोहसीन म्हयन्याच्या पयल्या तारखंला पैसं भरतो, आन भाईरच्या भाईर जातो. आवाज येतो त्याचा हापिसातनं. नूरीनला दुकान सोडवत न्हाई. मिस्बाहची परीक्षा.

येताना मातूर पोरानं माया केली. म्हणला, "परक्या गादीवर अम्माला झोप यायची न्हाई." माजीच गादी टेम्पोत घालून आणून दिली. उसवला कोपरा नीट शिवल्याला. म्या बोट फिरवून बघितलं. उलटा टाका.

"तू शिवलास?" म्या इचारलं.

"न्हाई," म्हणला. "तुमीच शिवला असंल."

मी तरीबी दिवसाची निजते. कितीबी गोळी द्या. सोनम म्हणती, "आजी, तुमचं औषध लागू पडंना बघा." आन काल केस इंचरताना म्हणली, "पण तुमची सून मातूर लय मायाळू हां. आमच्याकडं येतंय कोण कुणाचं? ती रोज येती, सकाळची, तुमाला काय औषध-बिषध देती, डोक्यावरनं हात फिरवती. फकस्त बोलत न्हाई कुणाशी."

म्या इचारलं, "दिसती कशी गं ती?"

सोनमचा फणी धरल्याला हात थांबला.

"पदर असतो की तोंडावर," म्हणली. मग परत केस इंचरत, "बांगड्या हिरव्या."

म्या फुडं इचारलं न्हाई. घरच्यांपैकी हितं कुणी येत न्हाई. ती येती. येळंवर येती.